जुनी दुनळी, नवी दुनळी : एइबारच्या बंदुकांचा शंभर वर्षांचा हिशेब

स्पॅनिश दुनळी बंदुकीच्या नळ्या सांगाड्यापासून सोडवून उलट्या धरल्या, की त्यांच्या तळाशी ठोकलेल्या बारीक खुणांची रांग दिसते. त्या गर्दीत एक रोमन अक्षर असते. १९२७ सालापासून एइबार गावातील सरकारी चाचणीगृहाने दर वर्षाला एक अक्षर नेमून दिले आणि त्या वर्षी तपासलेल्या प्रत्येक बंदुकीवर ते ठोकले. अक्षरे संपत आली तेव्हा, १९५०च्या दशकात, अक्षराला अंकाची जोड मिळाली. त्यामुळे बंदुकीचे वय तिच्या अंगावरच कोरलेले असते. कागदपत्रे हरवली तरी ते हरवत नाही.

दर्जाचा वाद पेटतो तोही याच अक्षरावरून. बंदुकांच्या शौकिनांत एक पक्ष म्हणतो की स्पेनच्या यादवी युद्धापूर्वी घडलेली बंदूक तेवढी खरी. त्यानंतर नुसता कारखानदारी माल निघाला. दुसरा पक्ष म्हणतो की जुन्या स्पॅनिश बंदुकीचे रूप देखणे असले तरी पोट मऊ असते. घ्यायचीच तर १९८० नंतरची, छोट्या कर्मशाळेतून निघालेली घ्यावी. दोन्ही पक्षांकडे उदाहरणे आहेत आणि दोन्ही उदाहरणे खरी आहेत. त्यांची संगती लावायची तर बंदुकीच्या आधी ती घडवणारे गाव पाहावे लागते. हा धागा त्या गावाचा आहे.

एइबार हे स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, गिपुस्कोआ प्रांतात, एगो नावाच्या लहानशा नदीच्या अरुंद खोऱ्यात वसले आहे. दोन्ही बाजूंना उभे डोंगर. शेतीला सपाट जमीन जवळजवळ नाही; परंतु आसपास लोहखनिज, भट्टीला लागणारा कोळसा देणारी जंगले आणि भाते व घण चालवण्यासाठी ओढ्यांचे पाणी, असा धातुकामाचा सगळा संसार निसर्गाने तेथे मांडून ठेवला होता. सपाट जागेच्या अभावी येथील कारखानेसुद्धा आडवे न पसरता मजल्यावर मजले चढवून उभे राहिले. खाली यंत्राची घरघर, वर कानशीचा आवाज आणि शेजारच्या घरात बिऱ्हाड, हे या गावाचे चित्र विसाव्या शतकातही फारसे बदलले नाही.

स्पॅनिश राजसत्तेसाठी या खोऱ्यात शतकानुशतके शस्त्रे बनत होती. शेजारच्या गावाचे नावच मुळी प्लासेन्सिया दे लास आर्मास, म्हणजे 'शस्त्रांचे प्लासेन्सिया' असे पडले. शाही शस्त्रकामासाठी कारागिरांचे चार संघ होते: नळी घडवणारे, चापाची यंत्रणा घडवणारे, किरकोळ जोडभाग बनवणारे आणि लाकडी दस्ता बसवणारे. पूर्ण बंदूक एका माणसाच्या हातून कधीच निघत नसे. ती चार घरे फिरून तयार होई आणि प्रत्येक घर आपापल्या कामात पिढीजात तरबेज असे. एइबारचे बळ या व्यवस्थेत होते आणि त्याची दुखरी नसही याच व्यवस्थेत होती. नळी उत्तम, दस्ता उत्तम, नक्षी उत्तम, पण आतील एक खिटी ज्याने बनवली त्याला त्या महिन्यात घाई होती, तर सारी बंदूक त्या एका खिटीच्या लायकीची ठरे.

हे नीट उमगण्यासाठी दुनळीच्या पोटात थोडे डोकावणे भाग आहे. शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेल्या बंदुकीचे घोडे पूर्वी बाहेर असत आणि अंगठ्याने ओढून चढवावे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आत गेले. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीतील अॅन्सन आणि डीली या दोघांनी सारी यंत्रणा मधल्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात सामावली. साधी, भक्कम आणि स्वस्त अशी ही रचना 'बॉक्सलॉक' म्हणून ओळखली जाते. दुसरी रचना 'साइडलॉक'. तिच्यात घोडा, खिटी आणि कमानी एका पातळ पट्टीवर बसवून ती पट्टी बंदुकीच्या कुशीला जडवतात. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीची साइडलॉक तर जगभर आदर्श मानली गेली. चाप न ओढता धक्क्याने मुख्य खिटी सुटली, तर घोड्याला वाटेत अडवणारी दुसरी, राखीव खिटी चांगल्या साइडलॉकमध्ये असते. ही रचना करण्यास कठीण आणि महाग असली, तरी पट्टीवर नक्षीला ऐसपैस जागा मिळते. श्रीमंत गिऱ्हाइकाला ही गोष्ट बहुधा राखीव खिटीहून अधिक मोलाची वाटत असावी.

पेटंटांची मुदत सरताच या रचना कोणीही बनवू शकत होते आणि एइबारने त्या मनापासून उचलल्या. लंडनच्या बंदुकीला मिळणाऱ्या किमतीच्या अंशात तिच्यासारखीच दिसणारी व बरीचशी तिच्यासारखीच चालणारी बंदूक देणे, हा या गावाचा विसाव्या शतकातील धंदा झाला. यात नक्कल होती हे खरेच. पण नक्कल करणाऱ्यांचे हात काही नवशिके नव्हते. पोलादावर सोन्याची तार ठोकून नक्षी उठवण्याची कला एइबारच्या प्लासिदो सुलोआगाने एकोणिसाव्या शतकात युरोपभर गाजवली होती. त्याचा मुलगा इग्नासिओ सुलोआगा पुढे नामवंत चित्रकार झाला. ज्या गावात अशी घराणी होती, तेथे बंदुकीच्या पट्टीवर गुलाब आणि वेली कोरणारे हात सहज मिळत.

रूपाचा प्रश्न कधीच नव्हता. प्रश्न होता पाण्याचा, म्हणजे पोलादाला द्यायच्या पाण्याचा. घोड्याची खाच आणि तिच्यात अडकणारी खिटी यांचा एकमेकींना लागणारा काठ जेमतेम केसाएवढा असतो. बंदूक ताणलेली असताना सारा भार त्या काठावर तोललेला असतो. तो काठ कठीण हवा, पण ठिसूळ नको. त्यासाठी मऊ लोखंडाचा तुकडा कोळशाच्या भुकटीत पुरून तासन् तास तापवतात, म्हणजे त्याच्या त्वचेत कार्बन मुरतो आणि मग तो पाण्यात किंवा तेलात विझवतात. वरची त्वचा कठीण होते, गाभा चिवट राहतो. तापवणे दोन तासांनी कमी केले तर त्वचा पातळ राहते. दुकानात कोणालाही फरक दिसत नाही. काही हजार बार उडाल्यावर मात्र ती त्वचा झिजते, खालचे मऊ लोखंड उघडे पडते, काठ गोल होतो आणि एके दिवशी बंदूक मिटताना बार आपोआप उडतो किंवा एका चापावर दोन्ही नळ्या सुटतात. बंदुकीच्या दर्जाची चर्चा ही केवळ शौकाची चर्चा नसते ती या कारणाने. शिकारीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या दोन तासांवर अवलंबून असतो.

एइबारने ही चूक दुनळीत करण्याआधी पिस्तुलात केली होती. १९१५ साली महायुद्धात पिस्तुलांचा तुटवडा पडलेल्या फ्रान्सने गाबिलोंदो इ उरेस्ती कंपनीकडे 'रुबी' पिस्तुलांची मोठी मागणी नोंदवली. दरमहा हजारो पिस्तुले एका कंपनीच्या आवाक्याबाहेरची होती. तिने इतरांना काम वाटून दिले. त्या इतरांनी आणखी इतरांना दिले. काहींनी फ्रान्सशी परस्पर करार केले. पाहता पाहता पन्नासच्या आसपास कर्मशाळा एकच पिस्तूल बनवू लागल्या आणि युद्ध संपेपर्यंत सात लाखांहून अधिक नग फ्रान्सला पोचले. एका कर्मशाळेचा भाग दुसरीच्या पिस्तुलात बसेलच याची खात्री नसे. चांगल्या कर्मशाळांची रुबी वर्षानुवर्षे चालली, वाईट कर्मशाळांच्या रुबीची सुरक्षा-कळ आणि खिटी लवकर झिजत. जगाने मात्र त्या सर्वांना एकाच नावाने ओळखले. 'स्पॅनिश' हे विशेषण शस्त्रांच्या बाजारात 'स्वस्त आणि बेभरवशाचे' या अर्थाने रुळण्यात रुबीचा मोठा वाटा आहे.

युद्ध संपले, मागणी आटली आणि गावात बेकारी आली. त्यातून जे घडले तेही या खोऱ्याला साजेसे होते. १९२० साली धातुकामगारांनी 'आल्फा' ही सहकारी संस्था स्थापन केली. ती आधी शस्त्रे आणि लवकरच शिलाई यंत्रे बनवू लागली. बेइस्तेगी बंधू आणि ओर्बेआ ही बंदूकवाली घराणी सायकलींकडे वळली. नळी ओढणारे हात सायकलीची नळीही ओढू शकतात, हे त्यामागचे साधे गणित. आज सायकलशर्यती पाहणाऱ्यांना ओर्बेआ हे नाव ठाऊक असते; १८४०च्या सुमारास त्याची सुरुवात शस्त्रांपासून झाली हे सहसा ठाऊक नसते.

दुनळी बंदुकांच्या दृष्टीने मात्र हाच काळ बहराचा ठरला. १९१३ साली एइबारमध्ये शस्त्रविद्येची शाळा उघडली. नवशिक्यांना कानस, रेखाचित्र आणि मोजमाप एकाच छपराखाली शिकवणारी ही संस्था गावाला पुढे शतकभर पुरली. १९२०च्या दशकात प्रत्येक बंदुकीची दाबचाचणी कायद्याने सक्तीची झाली आणि वर उल्लेखलेली वर्षाक्षरे सुरू झाली. महायुद्धाच्या सुमारास उभी राहिलेली आगिरे इ आरान्सबाल, जिला सारे जग 'आया' या लघुनामाने ओळखते, १९२२ची इग्नासिओ उगार्तेचेआ, एल्गोइबारची आरिएता, ही घराणी याच काळातली. सर्वांत मानाचे नाव व्हिक्तोर सारास्केता यांचे. राजा आल्फोन्सो तेरावा स्वतः नावाजलेला नेमबाज होता आणि सारास्केतांची बंदूक राजवाड्यात जात असे.

'यादवीपूर्व बंदूक तेवढी खरी' म्हणणारा पक्ष ज्या बंदुका पुढे करतो त्या या. त्यांतल्या उत्तम नगांबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. नळ्या 'देमिब्लोक' पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक नळी आणि तिच्या खालच्या आकड्याचा अर्धा भाग एकाच पोलादातून घडवून मग दोन्ही झाळून जोडलेल्या. अक्रोडाचे लाकूड पोलादाला असे भिडवलेले की मध्ये नख जाऊ नये. आतील तुकडेही कानशीने हातघडाईचे. परंतु त्याच वर्षांत, त्याच गल्लीत, बाहेरच्या घोड्यांच्या साध्यासुध्या बंदुका स्पेनमधील खेडुतांसाठी आणि लॅटिन अमेरिकेतील बाजारांसाठी ढिगाने बनत होत्या. त्यांच्यावरही तेच वर्षाक्षर आहे. त्यांतील बहुतेक झिजून, मोडून भंगारात गेल्या. सारास्केतांची उत्तम बंदूक मात्र नातवापर्यंत जपली गेली. काळ वाईट बंदुका गाळून टाकतो आणि उरलेल्या पाहून पुढची पिढी म्हणते की पूर्वीचे सगळेच चांगले होते. जुन्या वाड्यांबद्दल, जुन्या भांड्यांबद्दल आणि जुन्या गाण्यांबद्दलही माणसे हीच चूक करतात.

१४ एप्रिल १९३१च्या पहाटे स्पेनमध्ये सर्वांत आधी प्रजासत्ताकाची घोषणा करणारे गाव म्हणून एइबार इतिहासात आले. बंदूक-कामगारांच्या या समाजवादी गावाने राजाच्या पुरवठादारांच्या दारातच राजेशाहीला निरोप दिला. सहा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागली. यादवी युद्धात रणरेषा महिनोन् महिने गावाच्या उंबरठ्यावर होती. एप्रिल १९३७च्या अखेरच्या आठवड्यात विमानांनी एइबार भाजून काढले. गेर्निकावरील कुप्रसिद्ध बॉम्बहल्ला झाला, त्याच सुमाराचे हे दिवस. फ्रँकोच्या फौजा आत शिरल्या तेव्हा गावाचा मोठा भाग ढिगारा झाला होता. कारागीर पांगले. काही मारले गेले, काही तुरुंगात गेले, काही परागंदा झाले.

फ्रँकोच्या राजवटीने पिस्तुले बनवण्याचा परवाना केवळ तीन कंपन्यांना ठेवला. बाकीच्या शस्त्रकारांपुढे दोनच वाटा उरल्या: धंदा बदलणे किंवा शिकारी बंदूक. कितीतरी हात त्यामुळे दुनळीकडे वळले. देश तेव्हा आयात जवळपास बंद करून स्वतःच्या पायावर उभे राहण्याच्या हट्टाला पेटला होता. गावाबाहेर, लेगास्पीला तयार होणारे 'बेयोता' पोलाद अनेक नळ्यांवर नाव मिरवते. ते दर्जेदार होते. एकंदर टंचाईत मात्र जे मिळेल त्यावर काम भागवणे चालूच होते. १९४०च्या दशकातील बंदुका पाहताना हे विसरता येत नाही.

चित्र पालटले ते १९५०च्या दशकात. लंडनची हाताने घडवलेली साइडलॉक आता इंग्लंडच्या मध्यमवर्गीय शिकाऱ्याच्याही आवाक्याबाहेर गेली होती. इंग्लंडमधील आयातदार एइबारला आले आणि त्यांनी 'आया'बरोबर बसून इंग्लिश अभिरुचीला रुचतील अशी मॉडेले ठरवली. हॉलंड पद्धतीची 'क्रमांक १' आणि 'क्रमांक २', अॅन्सन-डीली पद्धतीची 'क्रमांक ४', आणि रॉबर्ट चर्चिलने लोकप्रिय केलेल्या २५ इंची आखूड नळ्यांची 'पंचवीस'. वजन किती, दस्त्याचा बाक कसा, नक्षी किती बारीक, हे सारे त्या चर्चांतून घडले. सांगून, तपासून, परत पाठवून घेतलेला माल असेल तर एइबार काय करू शकते, हे या बंदुकांनी दाखवले. त्यांपैकी बऱ्याच आजही इंग्लंडच्या शेतांत बार काढत आहेत.

त्याच छपराखालून त्याच काळात अमेरिकेसाठी 'मॅटाडोर' नावाची बॉक्सलॉक निघत होती. बास्क गावातील बंदुकीला बैलझुंजीचे नाव! अमेरिकी गिऱ्हाइकाच्या मनातील स्पेन त्या नावाने पुरा होत असावा. १९५९च्या आर्थिक स्थिरीकरणाने डॉलरचा भाव ६० पेसेतांवर नेला आणि स्पॅनिश माल परदेशात आणखी स्वस्त झाला. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी उगार्तेचेआच्या बंदुका आपल्या नावाने विकू लागली. इतर देशांतील घाऊक विक्रेतेही असेच करत. गाव फुगत गेले. १९७०च्या सुमारास लोकसंख्या ३७,०००च्या घरात होती. दक्षिणेकडून कामासाठी आलेल्या तरुणांना शिकवायला आठ-दहा वर्षे कोणापाशी होती? जे काम पूर्वी मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत असे, ते आता नगामागे पैसे देऊन बाहेर वाटले जाऊ लागले.

रुबीचीच गोष्ट पुन्हा घडली. गिऱ्हाईक बाहेरून नक्षी पाहत होता, आयातदार किंमत पाहत होता आणि भट्टीतील ते दोन तास कोणीच पाहत नव्हते. या काळातील स्वस्त बंदुकांच्या तक्रारी जगभर सारख्याच आहेत. खिट्या मऊ, ठोकणीच्या काड्या लवकर तुटणाऱ्या, रिकामी काडतुसे फेकणारी यंत्रणा एका बाजूने आळशी, एकाच चापावर दोन्ही नळ्या चालवणारी रचना लहरी, लाकूड पुरते न वाळवता वापरलेले आणि म्हणून सांध्यापाशी आकसलेले. इंग्रज आणि अमेरिकी बंदूक-दुरुस्तीवाल्यांनी स्पॅनिश बंदुकीबद्दल जे कटू शब्द वापरले, ते या मालाच्या अनुभवातून आलेले आहेत. त्यांच्याकडे दुरुस्तीला येणारी बंदूक बिघडलेलीच असणार, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्याच १९६०च्या दशकात, त्याच गावात, १९५९ साली काही कारागिरांनी मिळून काढलेली 'गार्बी' ही छोटी कर्मशाळा लंडनच्या तोडीची साइडलॉक बनवत होती. म्हणजे वर्षाक्षर पुन्हा एकदा दिशाभूल करते. १९६५ची एक बंदूक वारसाहक्काने द्यावी अशी असते, १९६५चीच दुसरी भिंतीवर टांगावी अशी.

१९७०च्या दशकात तेलसंकट आले, मजुरी वाढली आणि इटलीची यंत्रावर घडलेली एकावर-एक नळ्यांची बंदूक बाजारात शिरली. अचूक यंत्रांनी केलेला तिचा प्रत्येक भाग सारखा असे आणि तिला कमी माणसे लागत. एइबारची स्वस्त दुनळी तिच्यापुढे टिकेना. फ्रँकोचा मृत्यू १९७५ साली झाला होता, देश युरोपीय आर्थिक समुदायात शिरण्याच्या तयारीत होता आणि जुने उद्योग कसे वाचवावेत हा सरकारपुढील प्रश्न होता. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारी पाठबळाने वीसच्या आसपास बंदूक कंपन्या एकत्र करून 'दिआर्म' नावाची एक मोठी कंपनी उभारण्यात आली. 'आया' तिचा सर्वांत मोठा घटक होती. नवी इमारत, नवी यंत्रे, एकच व्यवस्थापन. कागदावर योजना निर्दोष होती.

ती दशक संपण्याआधीच कोसळली. चार घरे फिरून तयार होणारी वस्तू एका छपराखाली आणली की स्वस्त होईल, असा हिशेब होता. शतकानुशतके एकमेकांशी स्पर्धा करणारी घराणी एकाच हजेरीपटावर बसवणे ही दुसरी अडचण आणि बाजारच आटला होता ही तिसरी, बहुधा सर्वांत मोठी. सारास्केतांचे प्रतिष्ठित नावही याच दशकात मावळले. या पडझडीत कोणाचे किती चुकले याचा निवाडा सोपा नाही. परंतु ज्यांनी चाळीस वर्षे खिट्या घासल्या त्यांना नुकसान सर्वांत आधी पोचले, एवढे निश्चित.

पुढचे प्रकरण या इतिहासातील सर्वांत विलक्षण आहे. 'दिआर्म'च्या राखेतून 'आया'च्या काही जुन्या कारागिरांनी १९८८च्या सुमारास आपले नाव पुन्हा उभे केले. पण आता मोठा कारखाना नव्हता आणि हजारोंनी बंदुका काढण्याची सोयही नव्हती. थोडी माणसे, मागणीनुसार काम, गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाचा दस्ता. स्वस्त बाजार इटलीने आणि पुढे तुर्कस्तानने घेतल्यावर एइबारपाशी महाग बाजार तेवढा उरला होता, आणि महाग बाजारात भट्टीतील दोन तास वाचवून काही हाती लागत नाही. ठोकळे आता संगणकी यंत्रावर कापले जाऊ लागले, पोलाद ठरावीक मिश्रणाचे येऊ लागले आणि पाणी देण्याचे काम तापमापक लावलेल्या भट्टीत होऊ लागले. कानशीचे काम थांबले नाही. ते शेवटच्या केसभर भागापुरते राहिले. १९९४ साली अमेरिकी लेखक टेरी वीलंड यांचे 'स्पॅनिश बेस्ट' हे पुस्तक आले आणि ज्या देशात 'मॅटाडोर'च्या तक्रारी गाजल्या होत्या, तेथेच गार्बी, आरिएता, आरिसाबालागा ही नावे आदराने घेतली जाऊ लागली.

तेव्हा दुसरा पक्षही अर्धाच बरोबर ठरतो. १९८८ नंतरची बंदूक सरासरीने अधिक भरवशाची आहे, विशेषतः पोटात. यातील श्रेय नव्या यंत्रांना जेवढे, तेवढेच वाईट बंदूक बनवणारेच उरले नाहीत या वस्तुस्थितीलाही आहे. सरासरी वाढली, कारण तळ गळून पडला. माथा मात्र फार हललेला नाही. १९३०ची उत्तम सारास्केता आणि २०००ची उत्तम गार्बी शेजारी ठेवली, तर जाणकार नक्षीच्या शैलीवरून वाद घालील, लाकडाच्या रंगावरून घालील. दर्जावरून घालणे त्याला जड जाईल.

एका बाबतीत मात्र नव्या बंदुकीची सरशी निर्विवाद आहे आणि तिचे कारण एइबारच्या बाहेरचे आहे. शिशाचे छर्रे पाणथळ जागी पडून पक्ष्यांच्या पोटात जातात आणि त्यांना विष बाधते, म्हणून अनेक देशांनी त्यांवर बंधने आणली. इंग्लंडने १९९९ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसे बंद केले. युरोपीय संघातील पाणथळ जागांवरची बंदी फेब्रुवारी २०२३पासून अमलात आली. शिशाऐवजी वापरले जाणारे पोलादी छर्रे कठीण असतात, ते नळीच्या आवळलेल्या तोंडातून जाताना शिशासारखे दबत नाहीत. जुन्या स्पॅनिश दुनळ्यांची तोंडे बहुधा चांगलीच आवळलेली आणि नळ्या हलक्या असतात. अशा बंदुकीत जोरकस पोलादी काडतूस घातल्यास नळीच्या तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. नव्या बंदुका पोलादी छऱ्यांसाठी वेगळ्या चाचणीतून जातात आणि त्या चाचणीची खूण म्हणून नळीवर कमळासारखे फ्रेंच लिलीचे फूल ठोकले जाते. राजाच्या हातात शोभलेल्या १९३०च्या बंदुकीवर ते फूल नाही.

एइबारची लोकसंख्या आता २७,०००च्या आसपास आहे. वर नावे घेतलेल्या घराण्यांपैकी काहींची दारे एकविसाव्या शतकात बंद झाली. मागणी उरली तरी शिकाऊ मुले उरली नाहीत, हे अनेक ठिकाणचे दुखणे. शस्त्रविद्येची शाळा चालू आहे, पण तेथून बाहेर पडणारे विद्यार्थी प्रामुख्याने यंत्रउद्योगात जातात. पोर्तालेआ नावाच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत शस्त्रउद्योगाचे संग्रहालय आहे. रुबी, सारास्केता, शिलाई यंत्र आणि सायकल यांची नाती तेथे एका फेरीत उलगडतात. चाचणीगृहही काम करते आहे. उरलेल्या मोजक्या कर्मशाळांत आजही दस्ता बसवणारा कारागीर पोलादावर दिव्याची काजळी धरतो, ते लाकडात दाबतो, काढून घेतो आणि लाकडावर काळा ठिपका जिथे उमटला तेवढाच भाग छिन्नीने खरवडतो. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाब. संपूर्ण लाकूड एकसारखे काळे उमटेपर्यंत हे चालते आणि त्याला किती दिवस लागतील हे तो आधी सांगत नाही.